हरणी गाभण आहे का? आमच्या माज-कार्डाच्या प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

सकाळी ओसरीच्या फरशीवर रक्ताचे थेंब दिसले, शेपटीखालचं निरण सुजलेलं, आमची कुत्री हरणी सतत मागे वळून चाटत होती, म्हणजे माज सुरू. तारीख लगेच कार्डावर टाकली. आमच्या कार्डावरची ही पहिली नोंद.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगते. आमचं गाव उदगीर तालुक्यात, इथे शेतावरच्या वस्त्यांवर कारवानी कुत्री बऱ्याच जणांकडे आहेत. कर्नाटकात याच जातीला मुधोळ म्हणतात, २००५ साली पोस्टाने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात हा मुधोळ होता. गाईला रेतन केलं की त्याची तारीख घरातला प्रत्येक माणूस सांगू शकतो, गोठ्यातल्या कॅलेंडरवर पण लिहिलेली असते, पण कुत्री माजावर कधी आली, कधी भरली, कुणाला काहीच माहीत नसतं. मग पोट दिसायला लागलं की सगळे म्हणतात गाभण दिसते. आणि कारवानीचं पोट मुळातच वर पाठीला चिकटलेलं, छाती खोल, त्यामुळे तिच्यात ते फार उशिरा दिसतं. म्हणून दादाने आणि मी ठरवलं की गावातल्या प्रत्येक कुत्रीसाठी एक साधं पुठ्ठ्याचं कार्ड करायचं. माज कधी, भरवली कधी, तपासणी कधी, काय निघालं, बस एवढंच. पहिलं कार्ड आमच्या हरणीचं, वय साडेतीन वर्षं, याआधी कधी व्यायलेली नाही.

२१ नोव्हेंबर

पहिले आठ-नऊ दिवस तिने एकाही कुत्र्याला जवळ येऊ दिलं नाही, गुरगुरायची. रक्त हळूहळू फिकट झालं, गुलाबी पाण्यासारखं, आणि काल पाठीवर कमरेपाशी हात दाबला तर शेपूट बाजूला करून उभी राहिली. बरेच जण रक्त दिसलं की त्याच दिवशी कुत्रा आणतात, ते खूप लवकर होतं, खरी वेळ ही रक्त फिकं पडल्यावरची.

आज शेजारच्या वस्तीवरचा कारवानी नर आणला. जोड लागल्यावर दोघं उलट्या दिशेला तोंड करून पंधरा-वीस मिनिटं अडकून राहतात, ते नैसर्गिक आहे, त्यांना ओढायचं नाही, पाणी ओतायचं नाही, काठी तर अजिबात नाही. पोरं बघायला जमली होती त्यांना अप्पांनी हाकललं. परवा परत एकदा भरवायचं आणि मग माज पूर्ण उतरेपर्यंत हिला कोंडून ठेवायचं, कारण कुत्री एकाच माजात दोन वेगवेगळ्या नरांकडून भरू शकते आणि एकाच वेताला दोन बापांची पिल्लं होऊ शकतात.

२३ नोव्हेंबर

दुसऱ्यांदा भरवली. कार्डावर दोन्ही तारखा.

इथे एक गोष्ट कार्डाच्या मागे लिहायचीच आहे. भरवल्याची तारीख म्हणजे गर्भ राहिल्याची तारीख नाही. कुत्रीचं बीज सुटल्यावर लगेच तयार नसतं, ते पिकायला दोनेक दिवस लागतात, आणि नराचं बीज आत पाच-सहा दिवस टिकून राहतं. बीज सुटल्यापासून मोजलं तर ६३ दिवस बऱ्यापैकी पक्के, पण भरवल्यापासून मोजलं तर ५७ पासून ७२ पर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून आम्ही एक तारीख न लिहिता रेंज लिहिली. पहिल्या भरवणीपासून धरून १७ जानेवारी ते १ फेब्रुवारी, मधला अंदाज २३ जानेवारी.

५ डिसेंबर

आज कट्ट्यावर कार्ड दाखवलं. सगळ्यांचा एकच प्रश्न, अजून एका आठवड्यात २१ दिवस होतात, परत माज दाखवला नाही की गाभण समजायचं, त्यात तपासणी कशाला? हा गाईचा हिशोब आहे आणि गाईला तो बरोबर लागू पडतो, कारण गाय भरली नाही तर साधारण २१ दिवसांनी फिरून माजावर येते. कुत्री तशी येतच नाही. भरलेली असो नाहीतर रिकामी असो, एक माज संपला की पुढचा साधारण सहा-आठ महिन्यांनी. तेव्हा २१ दिवसांनी माज नाही आला यावरून कुत्रीबद्दल काहीही कळत नाही.

आणि खरी अडचण त्याच्याही पुढची आहे. माजानंतर कुत्रीच्या अंगात प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढतं आणि ते जवळजवळ दोन महिने वरच राहतं, गर्भ असला काय नसला काय. त्यामुळे रिकामी कुत्री पण गाभण असल्यासारखी दिसू शकते, वागू शकते, सड फुगतात, सुस्त होते, कधी दूधसुद्धा येतं. नुसत्या बघण्यावरून गाभण ओळखणारा कितीही अनुभवी असला तरी इथे फसतो ते यामुळे. मला वाटतं आपल्या गावात हा एक मुद्दा जरी सगळ्यांपर्यंत पोचला तरी कार्डाचं काम झालं.

हरणीत आज बघण्यासारखं काहीच नाही. असणारही नाही, गर्भ पिशवीला चिकटतो तोच तिसऱ्या आठवड्यात.

१३ डिसेंबर

काल आणि आज हरणीने भाकरी-दूध अर्धंच खाल्लं, सकाळी एकदा पिवळं पाणी ओकली, बाकी ठीक. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात असं एखाद-दोन दिवस होऊ शकतं, पण उलटी दहा कारणांनी होते त्यामुळे याला पुरावा म्हणता येत नाही, फक्त नोंद करून ठेवली. आज्जी म्हणाली, "डोहाळे लागलेत तिला, राहू दे, बळंच चारू नको."

शेजारच्या काकूंनी विचारलं की मेडिकलमध्ये बायकांसाठी मिळते ती पट्टी कुत्रीला चालते का. नाही चालत. ती पट्टी जे हार्मोन पकडते ते माणसाच्या गर्भात तयार होतं, कुत्रीत ते नसतंच, त्यामुळे सहा पिल्लं पोटात असली तरी पट्टीवर एकच रेघ येणार. कुत्रीसाठी रक्ताची वेगळी टेस्ट असते, रिलॅक्सिनची. रिलॅक्सिन फक्त वारेतून येतं, म्हणून खोट्या गाभणपणात ते सापडत नाही, हा तिचा मोठा फायदा. पण भरवल्यापासून महिना होत आल्याशिवाय करायची नाही, आणि निगेटिव्ह आली तर आठवड्याने परत करून बघायची.

२० डिसेंबर

आज उदगीरच्या व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात हरणीला नेलं. २९ वा दिवस. हा दिवस मुद्दाम धरला होता कारण हाताने चाचपून कळण्याची वेळ चौथ्या-पाचव्या आठवड्यातच असते. त्या वेळी पिशवीत गर्भाच्या गाठी वेगवेगळ्या लागतात, दोरीत ओवलेल्या अक्रोडांसारख्या. ३५ दिवसांनंतर आत पाणी वाढतं, गाठी एकमेकीत मिसळून जातात आणि हाताला मग काही लागत नाही. म्हणजे उशिरा आणलं की जास्त चांगलं कळेल असा जो सगळ्यांचा समज आहे तो चाचपण्याच्या बाबतीत उलटा आहे.

डॉक्टरांनी दोन्ही हातांनी हळू पोट धरून बघितलं, आणि मला म्हणाले, "ताई, लागतंय, पण घरी तुम्ही दाबून बघू नका." जोरात दाबलं तर गर्भाला इजा होऊ शकते, आणि नवख्या हाताला आतड्यातली शी पण गाठीसारखीच लागते.

मग सोनोग्राफी. पोटावरचे केस थोडे काढले, जेल लावली. स्क्रीनवर काळे गोल, प्रत्येकात एक करडा ठिपका, आणि त्या ठिपक्यात काहीतरी भराभर लुकलुकत होतं. ते काळीज. दादा एकदम गप्पच झाला, मी पण. साधारण २५ दिवसांपासून गर्भ दिसायला लागतात आणि त्यानंतर दोन-चार दिवसांत ठोके दिसतात, म्हणून २८ ते ३५ ही सोनोग्राफीची चांगली वेळ. किती पिल्लं विचारलं तर डॉक्टर म्हणाले चार तरी आहेत, पण आकड्यावर जाऊ नका, सोनोग्राफीत एकच गोल दोनदा मोजला जातो किंवा एखादा आतड्यामागे लपतो. शिवाय या टप्प्यात एखादा गर्भ आतल्या आत विरूनही जाऊ शकतो, बाहेर काहीच दिसत नाही.

कार्डावर "गाभण, ठोके दिसले" असं लिहिलं, आता अंदाजाचं काम उरलं नाही.

खाण्याचं विचारून घेतलं. आत्ताच दुप्पट चारायचं नाही, पहिले पाच आठवडे रोजचंच, शेवटच्या तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवायचं. कॅल्शियमचं औषध अजिबात नाही. गाईच्या कॅल्शियमची बाटली घरात असते म्हणून लोक कुत्रीला पण पाजतात, पण गाभणपणात वरून कॅल्शियम दिलं की शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढायचं विसरतं, आणि व्यायल्यावर दूध सुरू झालं की रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरून झटके येतात. गोळ्या-औषधं, लस, जंताचं औषध, गोचिडाचं औषध, सगळं विचारून मगच.

२८ डिसेंबर

काकूंची सोनी. पांढरी, छोटी, पॉमेरियनसारखी, घराबाहेर एकटी कधी जात नाही. काकू घाईने बोलवायला आल्या, "पोरी, चल गं, सोनीला दूध आलंय, आज-उद्या व्यायचीय बहुतेक." जाऊन बघितलं तर खरंच सडातून दूध, कॉटखाली चपला आणि एक मऊ बाहुली गोळा करून त्यावर बसलेली, कुणी हात लावला की गुरगुरते. माज कधी आला होता विचारलं तर दिवाळीच्या दिवसांत, म्हणजे आठ आठवडे होत आले. दिसायला सगळं तंतोतंत बरोबर होतं, पण पोट मऊ आणि रिकामं.

दुपारी दवाखान्यात सोनोग्राफी केली, आत काहीही नाही. खोटं गाभणपण. दोन महिन्यांनी ते प्रोजेस्टेरॉन खाली येतं, तेव्हा दूध आणणारं हार्मोन वर जातं, आणि कुत्रीला मनापासून वाटतं की तिला पिल्लं झालीत. हे नाटक नाही आणि वेड पण नाही, तिचं शरीरच तिला तसं सांगतं, म्हणून तिला रागवायचं नाही की बाहुली हिसकायची नाही. बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत आपोआप जातं. सड पिळायचे नाहीत, शेकायचे नाहीत, पिळलं की दूध आणखी येतं. चाटत राहिली तर गळ्यात कॉलर. सड कडक, लाल, गरम झाले तर डॉक्टर. दूध आटवायची गोळी असते, पण ती खऱ्या गाभण कुत्रीला दिली तर गर्भ पडतात, म्हणून सोनोग्राफीआधी ती कुणीही देऊ नये.

काकूंना वाईट वाटलं, त्यांनी पिल्लांसाठी खोकं पण करून ठेवलं होतं. कार्डावर नवीन ओळ घातली: दूध आलं म्हणजे गाभण असं नाही.

३० डिसेंबर

वेळ अमावस्या. सगळा गाव रानात, हरभरा फुलात आलेला, ज्वारीला कणसं, कोपीत पूजा, भज्जी, आंबील, उंडे. प्रत्येक पंगतीतून हरणीला हाका. भज्जीत लसूण आणि कांद्याची पात असते आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला घातक, गाभण असो नसो, म्हणून मी तिला साखळीला धरूनच बसले, तिच्यासाठी साधी भाकरी आणि उकडलेली अंडी घरून नेली होती.

३९ वा दिवस आणि अजूनही पाहुणे म्हणत होते ही कुठे गाभण आहे, हिच्या तर बरगड्या दिसतात. कारवानीचं हे असंच. फरक दिसतो तो सडांत, आता गुलाबी आणि मोठे झालेत, भोवतालचे केस विरळ. निरणातून थोडा पांढरट चिकट स्राव येतो, वास नाही, तो चालतो. हिरवा, काळपट, पू किंवा रक्त असतं तर आजच दवाखाना.

६ जानेवारी २०२५

आज लिहायला बसायची ताकद नाही पण लिहिते, कारण हे सगळ्यात महत्त्वाचं आहे.

माळावरच्या मामांची काळी, आठ वर्षांची. नोव्हेंबरमध्ये माज झाला होता, पोट वाढलंय म्हणून सगळे खुश, म्हातारपणी शेवटचं वेत म्हणून तिला तूप-भाकरी चालू. मामा कार्ड मागायला आले आणि बोलता बोलता म्हणाले की लई पाणी पिती, रात्रीतून घमेलं रिकामं करती आणि सारखी मुतती, दोन दिवस खाणं बंद. मी तसंच दादाला गाडी काढायला लावली. शेपटीखाली बघितलं तर तपकिरी, चिकट, घाण वासाचा पू.

पिशवीत पू. डॉक्टर त्याला पायोमेट्रा म्हणतात. माजानंतर चार ते आठ आठवड्यांत होतो, म्हणजे नेमका त्याच काळात जेव्हा आपण पोट बघून गाभण म्हणत असतो. प्रोजेस्टेरॉनने पिशवीचं अस्तर जाड होतं, तोंड बंद होतं, आत जंतू वाढतात. वय झालेल्या, कधी न व्यायलेल्या कुत्रीत धोका जास्त, माज थांबवायचं इंजेक्शन दिलेल्या कुत्रीत आणखी जास्त. काळीच्या पिशवीचं तोंड थोडं उघडं होतं म्हणून पू बाहेर दिसला. तोंड पूर्ण बंद असलं तर बाहेर काहीच येत नाही, फक्त पोट फुगतं, आणि तेच जास्त जीवघेणं.

सोनोग्राफीत पाण्याने फुगलेल्या नळ्या दिसल्या, एकही ठोका नाही. संध्याकाळी ऑपरेशन करून पिशवी काढली. रात्री उशिरा शुद्धीवर आली, मामांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. डॉक्टर म्हणाले, "मामा, अजून दोन दिवस थांबला असता तर हातात काही राहिलं नसतं."

कार्डाच्या पुढच्याच बाजूला, लाल अक्षरात: पोट वाढतंय + खूप पाणी + खाणं बंद किंवा उलटी = त्याच दिवशी दवाखाना. याला वाट बघणं नाही.

१२ जानेवारी

काळी सुधारतेय, स्वतः उठून पाणी प्यायली.

हरणीचं पोट आता कुणालाही दिसेल. आडवी पडलेली असताना कुशीत हलतं, अप्पा रोज संध्याकाळी हात न लावता नुसते बघत बसतात. खाणं तीन-चार वेळा थोडं थोडं, पोटात जागाच नाही तिच्या. ससा दिसला की पळायची तिची सवय, ती बंद, फिरणं साखळीनेच.

१९ जानेवारी

एक्स-रे काढला, ५९ वा दिवस. पिल्लांची हाडं एक्स-रेत साधारण ४५ दिवसांनंतर दिसायला लागतात, पण आकडा बरोबर हवा असेल तर ५५ च्या पुढे थांबावं. कवट्या मोजल्या, मग कणे मोजले, दोन्ही सहा. सोनोग्राफीत चार "तरी" होती ते बरोबरच होतं. आकडा कशाला हवा असं अप्पांनी विचारलं, तर पाच व्यायली आणि थांबली तर सहावं आत आहे हे आपल्याला माहीत पाहिजे, त्यासाठी.

आजपासून सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा, गुदद्वारात, थर्मामीटरला व्हॅसलीन लावून. कुत्रीचा नेहमीचा १०१ ते १०२ फॅरनहाइट. ९९ च्या खाली गेला की बहुतेक एका दिवसात कळा.

२३ जानेवारी

सकाळी ९८.६. खाल्लं नाही, पोत्यांचं अंथरूण दोन्ही पायांनी उकरतेय, धापा. थंडी आहे म्हणून खोलीत बल्ब लावला. डॉक्टरांना फोन करून ठेवला, रात्री लागले तर उचला म्हणून.

कार्डाच्या मागे लिहिलेलं परत वाचलं: पहिलं पिल्लू यायच्या आधीच हिरवा स्राव आला, जोरात कळा देऊन अर्धा तास झाला तरी पिल्लू नाही, किंवा आत पिल्लं असताना दोन तासांपेक्षा जास्त गॅप, तर थांबायचं नाही.

२४ जानेवारी

पहाटेपासून दुपारपर्यंत सहा. चार माद्या, दोन नर, सगळी जिवंत, सगळी प्यायला लागली. पहिल्या पिल्लानंतर हिरवट-काळा स्राव आला, तेव्हा तो वारेचाच असतो, घाबरलो नाही. चौथ्या आणि पाचव्यात बराच वेळ गेला, दादा गाडीची चावी हातात घेऊनच बसला होता, पण झालं.

२ फेब्रुवारी

कार्डाचा मसुदा फायनल, उद्या तालुक्याला छापायला टाकायचा. पुढे माजाची तारीख, दोन भरवणींच्या तारखा, ५७ ते ७२ ची रेंज, २८ ते ३५ मध्ये सोनोग्राफी, ५५ नंतर एक्स-रे, आणि ती लाल ओळ. मागे खाणं, औषधं आणि बाळंतपणाचं. भरवायचं नसेल तर ऑपरेशनची माहिती पण मागेच, कारण त्याने पायोमेट्रा आणि खोटं गाभणपण दोन्हीचा प्रश्न मिटतो. सोनीचं काकूंनी ठरवलंय, दूध पूर्ण आटल्यावर महिना-दोन महिन्यांनी करायचं.

पिल्लं मागायला लोक आत्ताच येतायत. केंद्राच्या २०१७ च्या नियमात आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायला बंदी आहे आणि आम्ही तर पैसे घेणारच नाही, पण २१ मार्चच्या आधी कुणालाही देणार नाही, आणि मादी पिल्लू नेणाऱ्याला सोबत कार्ड घ्यावंच लागेल. माळावरून निरोप आलाय, तिथल्या अजून एका कुत्रीला काल माज आला, मामांनी तारीख स्वतःहून लिहून ठेवलीय.